सांध्याचे चलन आणि यंत्राचे साह्य : प्रस्तावना

शस्त्रक्रियेनंतर सांधा आखडू नये म्हणून त्याला संथपणे, अखंडपणे आणि रुग्णाच्या स्नायूंवर कोणताही भार न टाकता हालवीत राहणारे जे यंत्र इस्पितळांतून ‘सीपीएम मशीन’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते, त्याची यथार्थ माहिती पाथरीसारख्या तालुक्याच्या गावातील वाचकाला त्याच्या भाषेत मिळावी, या हेतूने ही पुस्तिका सिद्ध झाली आहे. विषय वरवर पाहता एका यंत्राचा आहे. परंतु ज्या माणसाच्या गुडघ्यावर परभणीस, नांदेडास, छत्रपती संभाजीनगरास किंवा पुण्यास शस्त्रक्रिया होते आणि जो थोड्याच दिवसांत मानवत रोड स्थानकावर उतरून किंवा भाड्याच्या गाडीत पाय पसरून पाथरीस परत येतो, त्याच्या उपचाराचा मोठा भाग त्या परतण्यानंतरच सुरू होतो, आणि तो पार पाडावयाच्या वेळी शल्यविशारद जवळ नसतो, यंत्रही बहुधा नसते, असतात ती घरची माणसे. म्हणून यंत्राची हकीकत सांगता सांगता ग्रंथकर्ते वारंवार घराकडे वळतात, हे मला योग्य वाटते, आणि याच दृष्टीने या प्रस्तावनेतही मी लिहिणार आहे.

पाथरी हे जुने कसबे. ‘आईने अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून त्याची नोंद आहे, आणि निजामाच्या अमदानीतही ते परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठाणे होते. अशा जुन्या वस्तीत घर, मशीद, मंदिर, बाजार आणि शेत ही सारी जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या सोयीने उभी राहिलेली असतात. कपाशीतील आणि सोयाबीनमधील खुरपणी बायका उकिडव्या बसून करतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस तोडताना माणूस दिवसभर वाकतो आणि उठतो. नमाजातला सजदा आणि त्यानंतरची बैठक, पूजेचा पाट, लग्नातली पंगत, अंगणातली भाकरीची चूल आणि जुन्या पद्धतीचे शौचकूप, या प्रत्येक ठिकाणी गुडघा पुरता दुमडावा लागतो. सपाट रस्त्याने चालण्यास गुडघा सुमारे ६५ ते ७० अंशांत वाकला तरी भागते. जिना चढण्याउतरण्यास ९०च्या आसपास आणि खुर्चीवरून सुखाने उठण्यास १०० अंशांच्या जवळपास तो वाकावा लागतो. परंतु उकिडवे बसावयाचे, मांडी घालावयाची किंवा गुडघ्यांवर बसावयाचे म्हटले की १३०च्याही पुढे जावे लागते. पाश्चात्त्य ग्रंथांत ज्या रुग्णाची शस्त्रक्रिया यशस्वी म्हणून नोंदली जाईल, तोच रुग्ण पाथरीच्या आठवडी बाजारात भाजीच्या ढिगापुढे बसू शकला नाही, तर त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हिशेबी ती शस्त्रक्रिया अपुरीच राहिली. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी ‘इंडस’ नावाचा कृत्रिम गुडघा आपल्याकडच्या माणसाचे हे बसणे-उठणे डोळ्यांपुढे ठेवून घडविला, त्यामागे हीच जाणीव होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुखावलेल्या सांध्याला विश्रांती द्यावी की गती? वैद्यकाच्या इतिहासात हा वाद फार जुना आहे, आणि त्याचे पारडे शतकानुशतके विश्रांतीच्याच बाजूला झुकलेले होते. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा जो अध्याय आहे, त्यात बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही आणि फार आवळला तर सूज व वेदना उत्पन्न होतात, असा समतोल इशारा आहे. आणि तळहात मोडलेल्या रुग्णाने बरे होत आल्यावर मुठीत आधी मऊ गोळा, मग मिठाचा खडा आणि हातात बळ आल्यावर दगड धरावा, असा क्रमही सांगितलेला आहे. बंधनानंतर चलन आणि चलनातही पायरीपायरीने वाढ, हा विचार त्या काळी इतक्या स्पष्टपणे मांडला गेला होता, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. पुढे युरोपात एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस या अस्थिचिकित्सकाने, ज्याच्या नावाची खपाची आजही आपल्या इस्पितळांत मांडीच्या हाडाला बांधतात त्याने, सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हाच सांध्याचा इलाज असे प्रतिपादन केले. क्षयाने सडणाऱ्या सांध्यांच्या त्या काळात त्याच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य होते. फ्रान्समध्ये जवळपास त्याच काळात ल्युका-शांपिओनिएर याने मर्दन आणि चलन यांचा पक्ष घेतला. पण थॉमसचा अंमल मोठा होता, आणि प्लास्टर जितके अधिक दिवस तितके काम पक्के, ही समजूत डॉक्टरांपासून हाडवैदापर्यंत सर्वत्र रूढ झाली. आमच्या भागात कोपराला आठवडेच्या आठवडे कामट्या बांधून ठेवल्यामुळे काटकोनात कायमचे धरलेले हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या समजुतीची किंमत वेगळी सांगावयास नको.

या अंमलाला सप्रयोग आव्हान दिले ते कॅनडातील रॉबर्ट सॉल्टर यांनी. टोरोंटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन या बालरुग्णालयात अस्थिशल्यविशारद म्हणून काम करणाऱ्या सॉल्टर यांचे नाव मुलांच्या अस्थिविकारांच्या अभ्यासकांना अन्य कारणांनीही परिचित आहे. पण या पुस्तिकेच्या दृष्टीने त्यांचा महत्त्वाचा विचार असा की, सांध्यातील हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, त्याला रक्तवाहिन्या नसतात. त्याचे पोषण सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते, आणि तो द्रव कूर्चेत मुरण्यासाठी सांध्याने हालले पाहिजे. सांधा एकाच स्थितीत दाबून जखडून ठेवला तर ही कूर्चा मरू लागते, हे त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांनी १९६० सालीच दाखविले होते. १९७०च्या सुमारास त्यांनी पुढचे पाऊल टाकले. विश्रांती अपायकारक आणि अधूनमधून होणारी हालचाल हितकारक असेल, तर अखंड हालचाल त्याहून हितकारक का असू नये? मात्र कोणताही प्राणी आपल्या स्नायूंनी अहोरात्र सांधा हालवू शकत नाही, स्नायू थकतात. म्हणून ती हालचाल बाहेरून, म्हणजे यंत्राने, करून द्यावी लागेल.

हा तर्क त्यांनी सशांवर पडताळून पाहिला आणि १९८० साली प्रसिद्ध केला. सशांच्या गुडघ्यातील कूर्चेला मुद्दाम छिद्रे पाडून काहींचे पाय प्लास्टरमध्ये जखडले, काहींना पिंजऱ्यात मोकळे सोडले आणि काहींचे पाय यंत्रावर सतत हालते ठेवले. तीन आठवड्यांनी पाहता तरुण सशांमध्ये मूळच्यासारखी कूर्चा उत्पन्न होऊन छिद्र भरून आल्याचे प्रमाण जखडलेल्या पायांत ८ टक्के, मोकळ्या पायांत ९ टक्के आणि यंत्रावरील पायांत ५२ टक्के असे भरले. प्रौढ सशांमध्ये हेच आकडे अनुक्रमे ३, ५ आणि ४४ होते. मला या आकड्यांत यंत्राच्या यशाइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते : जखडलेल्या आणि मोकळ्या पायांत फारसे अंतर नव्हते. ज्या कूर्चेविषयी एकदा झिजली की ती पुन्हा येत नाही असे मानले जात होते, तिच्यातही पुनर्निर्मितीची शक्ती आहे, फक्त तिला योग्य परिस्थिती मिळावी लागते, एवढे या प्रयोगाने सिद्ध झाले. जॉन सॅरिंजर या अभियंत्याच्या साह्याने माणसाच्या मापाची यंत्रे तयार झाली, आणि पुढील दशकात ती जगभरच्या अस्थिरोग विभागांत पोहोचली.

यंत्राची रचना ग्रंथकर्त्यांनी आकृत्यांसह सांगितली आहेच, म्हणून येथे चार शब्द पुरेत. पाय मऊ अस्तराच्या पाळण्यात ठेवलेला असतो. पाळण्याची बिजागरी गुडघ्याच्या सांध्याच्या बरोबर समोर यावी लागते, आणि ती दोन-चार बोटे जरी वर-खाली झाली तरी यंत्रावर दिसणारा कोन आणि गुडघ्यातील खरा कोन यांत तफावत पडते. किती अंशांपासून किती अंशांपर्यंत वाकवावयाचे आणि किती संथपणे, हे आधी ठरवून दिलेले असते. साधारणपणे पहिल्या दिवशी ३०-४० अंशांपर्यंतच वाकवून पुढे रोज पाच-दहा अंशांनी वाढवितात. आरंभीच्या दिवसांत ४० अंशांच्या पलीकडे वाकविल्यास जखमेच्या कडेच्या त्वचेला मिळणारा प्राणवायू कमी होतो असे मापनांनी आढळले आहे, म्हणून ही सावधगिरी. यंत्र थांबविण्याची कळ रुग्णाच्या हाती दिलेली असते. ती कळ प्रत्यक्ष दाबून पाहिल्याखेरीज रुग्णाला यंत्रावर एकटे सोडू नये, असे ग्रंथकर्त्यांनी आग्रहाने लिहिले आहे, आणि आमच्या भागातील विजेचा भरवसा पाहता वीज मध्येच गेल्यास पाय पाळण्यातून कसा काढावा हेही आधीच समजून घ्यावे, असे मी त्यास जोडतो.

येथपर्यंतची हकीकत वाचून वाचकाचा असा ग्रह होण्याचा संभव आहे की, गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया केली की यंत्र आणावे, पाय त्यात ठेवावा आणि निश्चिंत व्हावे. पुष्कळ कुटुंबे याच समजुतीने शहरातून दिवसाच्या भाड्याने यंत्र आणतात, प्रसंगी त्यासाठी उसनवारी करतात. म्हणून पुढील गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. २०१४ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने कृत्रिम गुडघा बसविल्यानंतरच्या या यंत्राच्या उपयोगावरील २४ चाचण्या, मिळून १,४४५ रुग्णांच्या, एकत्र तपासल्या. त्यात यंत्र वापरणाऱ्यांचा गुडघा न वापरणाऱ्यांपेक्षा सरासरीने अवघा दोन अंशांनी अधिक वाकत असल्याचे दिसून आले. दोन अंशांनी कोणाचे उठणे-बसणे बदलत नाही. आखडलेला गुडघा पुढे भूल देऊन जोराने वाकविण्याची पाळी यंत्रामुळे काही जणांवर कमी आली असावी, असेही त्या छाननीत नमूद आहे. मात्र त्याचा पुरावा दुर्बळ आहे.

मग सॉल्टरचा सिद्धान्त खोटा ठरला काय? मुळीच नाही, आणि या ठिकाणी विचारात जी गफलत होते ती समजून घेतली तर सगळा विषय उलगडतो. सॉल्टरच्या सशांच्या गुडघ्यात जिवंत कूर्चा होती आणि तिला जगविण्यासाठी गती हवी होती. कृत्रिम गुडघा बसविताना ती झिजलेली कूर्चाच कापून टाकली जाते, आणि तिच्या जागी धातू व प्लास्टिक येते. धातूला पोषण लागत नाही. अशा रुग्णाच्या बाबतीत गतीचे कार्य एवढेच उरते की, सांध्याभोवती साचलेले रक्त आणि सूज ओसरावी आणि त्यांतून पुढे दाट, ताठर व्रणपेशी होऊन सांधा धरू नये. हे कार्य शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकर धरून उभे करणे, चालविणे आणि त्याच्याच स्नायूंनी गुडघा वाकवून-ताणून घेणे यांनी आता बहुतांशी साधते. उलटपक्षी, सांध्याच्या आतपर्यंत गेलेला अस्थिभंग जोडल्यानंतर, कूर्चेच्या दुरुस्तीनंतर, किंवा पूर्वीच धरलेला गुडघा अथवा कोपर शस्त्रक्रियेने मोकळा केल्यानंतर जेव्हा पहिल्या काही दिवसांतच हालचाल टिकवून धरणे आवश्यक असते आणि वेदनेमुळे रुग्णाला स्वतः ती करता येत नाही, तेव्हा हे यंत्र आजही मोलाचे साह्य करते. यंत्र कोणाच्या कामाचे आणि कोणाच्या खिशावर नुसता बोजा, हा विवेक या पुस्तिकेत प्रत्येक प्रकरणी राखलेला आहे.

‘परप्रयत्नाने होणारी हालचाल’ या कल्पनेचा आपल्याकडे एक विपर्यासही होतो, आणि त्याविषयी बोलल्याखेरीज पुढे जाणे मला शक्य नाही. प्लास्टर काढल्यावर कोपर वाकत नाही असे दिसताच मुलाला मालिशवाल्याकडे नेण्याची, आणि त्याने तेल चोळून, गुडघा रोवून, मुलाच्या किंकाळ्यांकडे दुर्लक्ष करून हात ताणण्याची रीत गावोगाव आहे. यंत्राने केलेली हालचाल आणि ही ओढाताण या दोन्ही बाहेरून केलेल्याच असल्या तरी त्यांत साम्य शून्य आहे. कोपराच्या भोवतीच्या दुखावलेल्या स्नायूंत अशा जबरदस्तीने रक्तस्राव होऊन पुढे त्या जागी हाडच तयार होते, आणि जो हात चार महिन्यांत सुटला असता तो कायमचा अडकतो. यंत्राचा गुण त्याच्या बळात नसून त्याच्या संथपणात आहे. दुखण्याच्या मर्यादेला स्पर्श करून ते मागे फिरते, आणि ती मर्यादा दिवसेंदिवस आपोआप पुढे सरकते. कोपराला मालिश नको, हे एकच वाक्य या पुस्तिकेमुळे पाथरी तालुक्यातील घरोघर पोहोचले तरी ग्रंथकर्त्यांचे श्रम सार्थकी लागले असे मी म्हणेन.

घरच्या मायेने होणारे नुकसान हा दुसरा विषय. ज्या मायेने सून किंवा लेक रुग्णाच्या गुडघ्याखाली उशी सरकविते, त्याच मायेमुळे गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीत राहून पुढे सरळ होईनासा होतो. आणि सरळ न होणारा गुडघा हा पुरता न वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षाही चालताना अधिक त्रास देतो, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूला प्रत्येक पावलाला शरीराचा भार तोलून धरावा लागतो. उशी द्यावयाचीच तर ती टाचेखाली, म्हणजे गुडघ्याची मागची बाजू आपल्या वजनाने खाली दबेल. यंत्रही गुडघा वाकविण्यात जितके तरबेज असते तितके तो शेवटपर्यंत सरळ करण्यात नसते, हे येथे ध्यानात ठेवावे. मांडीचा स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर ओढणे, पाय सरळ ठेवून उचलणे, टाच अंथरुणावरून घासत ढुंगणाकडे आणणे, आणि घोटा वर-खाली करीत राहणे, हे चार व्यायाम दिवसातून अनेकदा, थोडेथोडे, करावयाचे असतात. त्यापूर्वी अर्धा तास वेदनाशामक गोळी आणि नंतर बर्फाचा शेक, असा क्रम ठेवला तर रुग्ण टाळाटाळ करीत नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसाला व्यायामासाठी पुन्हा पुन्हा टोकणे आपल्याकडे अवघड जाते. “आबांना दुखतं हो, राहू द्या आज,” असे म्हणून व्यायाम सुटला की तो आठवड्याने पुन्हा सुरू होतो, आणि पहिल्या सहा आठवड्यांतील असा एकेक आठवडा पुढे महिन्यांनी भरून काढावा लागतो. पोटरी सुजणे व दुखणे, ताप येणे, टाक्यांतून पाणी किंवा पू येणे, यांपैकी काहीही दिसल्यास मात्र व्यायाम आणि यंत्र दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून या यंत्रावर विसंबणेही युक्त नाही.

खर्चाच्या बाबतीत एक दिलासा नमूद करावासा वाटतो. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, आणि सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा जो गुडघा सरासरी १,५८,३२४ रुपयांना पडत असे त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. यामुळे लहान शेतकऱ्याच्या आईचाही गुडघा बदलला जाऊ लागला. परंतु सांधा स्वस्त झाला तरी त्याला चालता करणारा माणूस तालुक्यात सहज मिळू लागला असे झालेले नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५०च्या दशकातच सुरू झाले. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्यसेवेच्या व्यवसायांसाठी, ज्यांत फिजिओथेरपीही येते, राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आता या विद्येतले पदवीधर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नियमितपणे बसतील अशी तजवीज सरकारने केली पाहिजे. माझ्या मते दहा यंत्रे विकत घेण्यापेक्षा असा एक जाणता माणूस आठवड्यातून दोन दिवस पाथरीस उपलब्ध करून देणे अधिक फलदायी होईल, कारण तो गुडघ्याचा कोन मोजील, चुकलेला व्यायाम सुधारील, आणि ज्याला खरोखरच यंत्राची गरज आहे त्याला ते कोठून व किती दिवस आणावे हेही सांगेल.

पुस्तिकेची प्रकरणे क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. ज्यांची शस्त्रक्रिया अद्याप व्हावयाची आहे त्यांनी व्यायामाचे प्रकरण आधी वाचून ते व्यायाम आजपासूनच सुरू करावेत, कारण शस्त्रक्रियेपूर्वी मांडीत कमावलेले बळ नंतर उपयोगी पडते. घरच्यांनी शुश्रूषेचे प्रकरण वाचावे. आणि यंत्राचे प्रकरण ज्यांना शल्यविशारदाने ते सुचविले असेल त्यांच्यासाठी आहे. शेवटची दोन पाने ग्रंथकर्त्यांनी कोरी ठेवली आहेत. इस्पितळातून सुटी मिळण्यापूर्वी त्यांवर गुडघा अमुक दिवसापर्यंत किती अंशांपर्यंत वाकवावा, पायावर किती भार द्यावा, मांडी घालण्यास किंवा गुडघ्यांवर बसण्यास परवानगी आहे की नाही आणि पुढच्या तपासणीची तारीख कोणती, हे शल्यविशारदाकडून त्यांच्याच अक्षरात लिहून घ्यावे. कारण बसविलेला सांधा कोणत्या बनावटीचा आहे आणि आत काय केले आहे हे त्यांनाच ठाऊक असते, आणि पाथरीत किंवा मानवतास ज्या डॉक्टरांपुढे रुग्ण पुढे उभा राहील त्यांना त्या दोन पानांवाचून हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.